पोस्टकार्डाएवढी थंडी

नाव कवडी ठेवलं तेव्हा ती कवडीच होती,
पांढरी, तळहातावर मावणारी,
कानांची टोकं तेवढी
चहात बुडवून काढल्यासारखी.

सहा वर्षं झाली टॉडमॉर्डनमध्ये.
आता शेपटी काजळलेली, पायांत गडद मोजे,
पाठीला खाली लागलेल्या दुधाचा रंग.
सांगलीहून व्हिडिओ कॉलवर भाऊ विचारतो,
"मांजर बदललंस का गं?"
हीच ती, मी म्हणते.
नीट दाखव, म्हणतो.
कवडी त्याला शेपटीकडची बाजू दाखवते.

ग्रीनवुड डॉक्टरबाईंनी मला समजावलं होतं:
हिच्या कातडीत रंग बनवणारं जे विकर आहे
ते उबेत कामच करत नाही.
गारठा लागला की हात चालवतं.
म्हणून कान, नाक, पंजे, शेपूट,
रक्त पोचेपोचेस्तोवर निवतं तिथे तिथे काळं.
आईच्या पोटात सगळीकडे सारखीच ऊब,
म्हणून जन्मतात तेव्हा पांढरी.

मी घरी येऊन गॅसच्या मीटरकडे पाहिलं.

त्या हिवाळ्यात आम्ही पंधरा अंशांवर राहत होतो,
दोन-दोन स्वेटर, एक रजई, टीव्हीसमोर.
सोळा म्हणजे चैन, यशोधन म्हणायचा,
आणि थर्मोस्टॅटजवळून जाताना
बोट लावून खात्री करायचा.
डिसेंबरात कवडीचं ऑपरेशन झालं.
कुशीवरचे केस भादरले, पोस्टकार्डाएवढे,
खालची गुलाबी कातडी बघवेना.
फेब्रुवारीत केस आले ते गडद.
बाकी अंगाहून कितीतरी गडद,
चारही कडा सरळ.
त्या घरात आम्ही एकमेकांना काय सांगत नव्हतो
ते कुणीतरी लिहून
मांजराच्या अंगावर टाकलं होतं.
येणारे-जाणारे विचारायचे.
ऑपरेशन, मी म्हणायचे. खोटं नव्हतं.

शेजारच्या ऑल्डरॉइडांचा बोका टिंकर, ठार काळा.
एका जुलैत सलग चार आठवडे ऊन पडलं
(इथे त्याची बातमी होते)
तर कालव्याकाठच्या भिंतीवर लोळून लोळून
तो तांबूस झाला, जुनी छत्री विटते तसा.
आमच्यात म्हणतात, मी ऑल्डरॉइडना सांगू पाहिलं,
केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत माझे.
म्हातारा आभाळाकडे बघत म्हणाला,
"इथे कुणाचे होणार?"

त्यांची कुत्री बेस. तीही काळी.
सातव्या वर्षी हनुवटीला पीठ लागलं,
वाटलं, खाताना लागलं असेल.
पुसलं. गेलं नाही.
मग दर वर्षी बोटभर वर चढत
आता डोळ्यांना चष्मा आहे पांढरा.
ऑक्टोबरात टिंकरने जुने केस सोफ्यावर टाकले
आणि पुन्हा काळा झाला, कोराकरकरीत.
बेस त्याच्याकडे बघत होती.
म्हणजे, दाराकडे बघत असेल. मला तसं वाटलं.

कवडीचा चौकोनही पुढच्या उन्हाळ्यात विरला.
ऑगस्टमध्ये मी केस उलटे फिरवून शोधला,
कड सापडली नाही कुठे.
तोवर यशोधन रेडिंगला गेला होता.
मीही कलपाची डबी आणणं थांबवलं,
ठरवून नाही,
दुकान बंद होतं, मग आठवण राहिली नाही.

आता मी थर्मोस्टॅट अठरावर ठेवते.
कधी कधी एकोणीसवर, कुणाला न विचारता.
तरी ती गडद होतेच आहे, दर वर्षी थोडी.
वय, ग्रीनवुडबाई म्हणाल्या,
कार्डावर वजन लिहिता लिहिता.
पुढचं त्या काही बोलल्या नाहीत,
मी पण विचारलं नाही.

रात्री ती रजईत शिरते,
गार कान माझ्या मनगटाला टेकवते,
उताणी होते.
पोट तेवढं अजून पांढरं आहे.